मागच्या सीटवरची झोप

माझं काम नीट झालं की ते ऐकू येत नाही, आणि बिघडलं की अख्ख्या गल्लीला ऐकू येतं. गवंड्याची भिंत दिसते, सुताराचं कपाट पाहुण्यांना उघडून दाखवता येतं. सायलेन्सरवाल्याचं काम गाडीच्या पोटाखाली लोंबकळतं, आणि मुद्दाम वाकून त्याचं कौतुक करणारा माणूस मला अजून भेटायचाय. डोंबिवलीत कारखान्यांच्या बाजूला माझं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, गाडीखाली उतरायला एक खड्डा, वेल्डिंगचं मशीन आणि छताला टांगलेले पाइप. गुडघे वाकेनासे झाले आणि डावा कान हातोडीच्या ठोक्यांनी जवळपास कामातून गेला, तेव्हा ती शेड सोडली. आता घरी असतो आणि बायकोच्या मते फार बोलतो.

गिऱ्हाइकांचे किस्से सांगायचे तर वर्तकनगरच्या त्या निवृत्त बँकवाल्या साहेबांपासून सुरुवात करायला हवी. ठाण्याहून डोंबिवलीपर्यंत स्कूटर चालवत आले आणि म्हणाले, "दळवी, हिचा आवाज वाढवून द्या."

मला वाटलं, डाव्या कानाने घोळ घातला. मी उजवा कान पुढे केला. साहेब पुन्हा तेच म्हणाले. "आमचा वॉचमन डुलक्या काढत असतो. शेजारच्या पोराची ती ढमढम बाईक आली की धावत येऊन गेट उघडतो. मी आपला पीं पीं करत उभा. ही काय पद्धत झाली?"

मी त्यांना समजावलं, की पोलीस असले सायलेन्सर काढून घेतात आणि त्यांच्यावर रोलर फिरवतात. साहेब विचारात पडले. मग हळूच म्हणाले, "गेटपुरता वाढवता येणार नाही का?" शेवटी मी त्यांच्या स्कूटरला चांगला दणदणीत हॉर्न बसवून दिला. दिवाळीत ते फराळाचा डबा घेऊन आले, पण तोंड पाडून. वॉचमन बदलला होता, आणि नवा आधीच गेट उघडून उभा राहायचा.

आता बाहेरच्या माणसासाठी थोडं धंद्यातलं सांगतो. इंजिन चालतं म्हणजे आत सतत छोटे छोटे स्फोट होत असतात. त्यातून निघणारा गरम वायू आणि आवाज, दोन्ही बाहेर काढून द्यावे लागतात. त्यासाठी इंजिनापासून गाडीच्या मागच्या टोकापर्यंत पोटाखालून एक नळी जाते. वाटेत धूर साफ करणारा एक डबा, त्याच्या पुढे आवाज गिळणारा दुसरा डबा, तोच सायलेन्सर, आणि शेवटी शेपूट. ही सगळी वरात रबरी कड्यांवर झुलत असते, कारण इंजिन हलतं आणि घट्ट बांधलेली नळी लवकरच तुटते.

लोकांना वाटतं, सायलेन्सर रस्त्यावरच्या पाण्याने गंजतो. तो बहुतेक वेळा आतून गंजतो. इंधन जळलं की त्यातून पाण्याची वाफही निघते. गाडी लांब पळाली तर नळी तापून वाळते. पण घर ते शाळा, शाळा ते घर एवढीच धाव असली की पाणी डब्यातच राहतं आणि पत्रा खात बसतं. सीएनजीच्या गाडीत वाफ आणखी जास्त. त्यामुळे रिक्षा आणि शाळेच्या व्हॅन हे माझे खरे अन्नदाते होते.

अलीकडे लोक घरीच सायलेन्सर बसवतात. कंपनीचा नाही, बाजारातला मागवायचा, फोनवर व्हिडिओ लावायचा आणि रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीखाली शिरायचं. मी या लोकांना हसत नाही, कारण निम्मे जण काम बरं करतात. उरलेले मला फोन करतात. डोंबिवलीतल्या एका गृहस्थांची गाडी नवी नळी बसवल्यावर सुरू व्हायची आणि दोन उचक्या देऊन बंद पडायची. त्यांनी बॅटरी बदलली, प्लग बदलले, मेहुण्याशी भांडण काढलं, आणि मग मला बोलावलं. नव्या पाइपच्या तोंडावर धूळ जाऊ नये म्हणून प्लास्टिकचं टोपण येतं, ते तसंच आत राहिलं होतं. त्यांची बायको आणि मेहुणा दोघंही समोर उभे होते. मी टोपण गुपचूप खिशात घातलं आणि "जरा ॲडजस्ट केलंय" म्हणून सांगितलं. ते टोपण अजून माझ्याकडे आहे.

पण घरी सायलेन्सर बसवणाऱ्या सगळ्यांमध्ये जिला मी मनापासून मानतो, ती आंबिवलीची विशाखा गायकवाड. ती शाळेची व्हॅन चालवते. माझी शेड होती तोवर गाडी माझ्याकडेच आणायची, आणि काम चालू असताना चहा प्यायला न जाता खड्ड्याच्या काठावर उकिडवी बसून प्रत्येक गोष्ट विचारायची. हा नट उलटा का फिरवला, ती कडी रबराची का. मी वैतागायचो, पण सांगायचो.

दिवाळीच्या सुट्टीच्या जरा आधी तिचा फोन आला. "काका, तुमची मदत पाहिजे. माझी पोरं झोपतात."

"कोणती?"

"व्हॅनमधली. मागच्या सीटवरची. शाळा सुटली की दंगा करत चढतात आणि उतरायच्या वेळी उठवावी लागतात. ती स्वरा तर रोज डोकं धरते. परवा उलटी केली."

स्वरा म्हणजे दुसरीतली मुलगी, शेवटच्या सीटवर कोपऱ्यात बसणारी. विशाखाने तिच्या आजीला विचारलं, तर आजी म्हणाली, अगं, दमतात पोरं, झोपली तर झोपू दे, तुला गाडी चालवायला बरं. बाकीचे पालकही तसंच म्हणाले. जवळच्या मेकॅनिकने सायलेन्सरचं भोक बुजवून दिलं आणि आवाज गेला म्हणजे काम झालं असं सांगितलं.

खरं सांगतो, फोनवर मीही तेच म्हणालो. "आवाज येतोय का आता? नाही ना? मग झालं."

"काका, मी आवाजाचं विचारतच नाहीये," ती म्हणाली. "हे म्हणतात, वास येतो तो गॅस बरा, माणूस पळतो तरी. न येणारा वाईट."

'हे' म्हणजे तिचा नवरा यशवंत. तो डोंबिवलीत केमिकलच्या कारखान्यात ऑपरेटर आहे, आणि तिथे त्यांना हे पहिल्या दिवशी शिकवतात. सीएनजीच्या धुराला तसा वास कमीच. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला तर अजिबात नाही. माणसाला आधी डोकेदुखी, मग झोप, आणि पुढचं लिहायला नको. फोन कानाला तसाच धरून मी खुर्चीत नीट बसलो.

विशाखाने तोवर व्हॅन बंद केली होती. सुट्टी लागायच्या आधीच. पालक चिडले होते, आणि दोन घरांनी मुलांना दुसऱ्या व्हॅनमध्ये घातलं होतं, जिथे पोरं कोंबून नेतात. स्वराचे वडील म्हणाले होते, सुट्टीनंतर गाडी नसेल तर आम्हालाही दुसरी बघावी लागेल. तिने पूर्ण नवी नळी मागवली होती, इंजिनापासून शेपटीपर्यंत. सुट्टीत ती बसवायची आणि पोरं परत न्यायची, असं तिने ठरवलं होतं.

"मी येईन," मी म्हणालो, "पण माझ्याच्याने गाडीखाली शिरवणार नाही."

"शिरेन मी. तुम्ही फक्त बोला."

तिच्या चाळीसमोरच्या मोकळ्या जागेत व्हॅन उभी होती. मी पोचलो तेव्हा तिने जॅकवर गाडी उचलून चाकांखाली लाकडी ओंडके ठेवले होते, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले होते, आणि गाडी हलते का ते खांद्याने ढकलून पाहत होती. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, हे मी शेडमध्ये ओरडून ओरडून सांगायचो. ज्यांना पगार देत होतो त्यांच्या डोक्यात ते कधी शिरलं नाही, आणि काठावर बसलेल्या या बाईच्या लक्षात राहिलं होतं. मला तिथेच भरून आलं. खाली अंथरायला कोणा भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता. त्याच्या हात जोडलेल्या फोटोवर पाठ टेकून ती आत सरकली, आणि मला स्टूल दिलं.

जुने नट गंजून बसले होते. "जोर लावू नको," मी म्हणालो. "तेल मार, थांब, मग हातोडीने नुसतं टकटक कर. तुटला तर नवा त्रास."

"हा हलतच नाय काका."

"मग त्याला जरा आवळ."

"आवळू? काढायचाय ना?"

"आवळ गं. गंज मोडतो त्याने."

तिने आवळला, कर्र असा आवाज झाला आणि नट फिरला. गाडीखालून हसू ऐकू आलं. जुनी नळी खाली आली तेव्हा तिच्या सायलेन्सरमधून गंजाचं पाणी फ्लेक्सवर, नेमकं भावी नगरसेवकाच्या कपाळावर सांडलं. यशवंत रात्रपाळी करून आला होता तरी झोपला नव्हता. तो पाने पुसून हातात देत होता, आणि "जपून गं" याखेरीज काही बोलत नव्हता.

नवी नळी चढवताना लोक एक चूक हमखास करतात. पहिला सांधा लागला की तो गच्च आवळून टाकतात, मग पुढचं काहीच जागेवर बसत नाही. आधी सगळं सैल टांगायचं, नळी कुठे घासत नाही ना ते पाहायचं, आणि मग इंजिनाकडून मागे आवळत यायचं. सांध्यातलं वायसर प्रत्येक वेळी नवं घालायचं. रबरी कड्या साबणाच्या पाण्यात बुडवल्या की सुळकन चढतात. हे मी एकदाच सांगितलं. नळी उजवीकडे झुकत होती, ते तर तिनेच आधी ओळखलं आणि पुन्हा सगळं सैल केलं. मी स्टुलावर बसून नुसता बघत होतो. चांगल्या हाताचं काम बघण्यात जे सुख आहे, ते मला बऱ्याच दिवसांनी मिळालं.

गाडी खाली उतरवली आणि सुरू केली. मी उजवा कान लावला. कुठे फुसफुस नाही, खडखड नाही, इंजिन अगदी शांत. सांध्यांना साबणाचा फेस लावून पाहिला, एक बुडबुडा आला नाही. मी उभा राहिलो, कमरेवर हात ठेवले आणि म्हणालो, "शाब्बास. झालं काम."

गाडीच्या डॅशबोर्डवर बुद्धाची छोटी मूर्ती आहे. सकाळी पहिल्या फेरीआधी विशाखा तिथे अगरबत्ती लावते, तिच्या भागातले सगळेच ड्रायव्हर काही ना काही लावतात. तिने पुड्यातून एक अगरबत्ती काढली, पेटवली आणि माझ्या हातात दिली.

"मागे बसा काका. स्वराच्या जागेवर. एक चक्कर मारू."

"हे कशाला?"

"मला एक कळत नाय. गाडी पुढे जाते, तर वारा पुढून येणार, अगरबत्तीचा धूर मागे पोरांकडे गेला पाहिजे. बरोबर? माझा धूर पुढे येतो. काचेवर. मी रोज बघते. म्हणजे वारा मागून येतोय ना? मागे तर दरवाजा बंद असतो."

मी आयुष्य या नळ्यांमध्ये काढलं, पण असला प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मुकाट्याने मागे जाऊन बसलो. स्वराच्या जागेवर माझे गुडघे हनुवटीला लागत होते. मागच्या काचा जाळीमुळे जेमतेम सरकतात, त्या शाळेच्या वेळी असतात तशाच बंद होत्या. पुढची तिची खिडकी उघडी. टिटवाळ्याच्या दिशेला रस्ता मोकळा होता. गाडीने वेग घेतला आणि मी अगरबत्ती मागच्या दरवाज्याच्या फटीजवळ धरली.

धूर वर गेला नाही. फटीतून कोणी फुंकर मारावी तसा आडवा झाला आणि माझ्या नाकासमोरून, सीटवरून, सरळ विशाखाच्या खिडकीकडे निघाला.

"कुठे जातोय?" तिने पुढून विचारलं.

"तुझ्याकडे," मी म्हणालो. "थांबव गाडी."

उतरून मागून वाकून पाहिलं. मग सगळं दिसलं. व्हॅन म्हणजे चौकोनी डबा. डबा पुढे पळतो तेव्हा त्याच्या पाठीमागे पोकळी होते, आणि सोडलेला धूर त्या पोकळीत घुटमळत गाडीच्या मागोमाग येतो. पुढची खिडकी उघडी असली की ती आतली हवा बाहेर ओढते, आणि त्या जागी मागच्या फटीतून हवा आत शिरते, धुरासकट. मागच्या दरवाज्याचं रबर वाळून काथ्यासारखं झालं होतं. त्यात ही बाजारातली नळी चार तऱ्हेच्या गाड्यांना चालावी म्हणून आखूड केलेली. तिचं शेपूट बंपरच्या आतच, बरोबर दरवाज्याखाली संपत होतं. सांधे पक्के होते, आवाज शून्य होता, आणि सगळा धूर स्वराच्या सीटखाली सुटत होता. इतकी वर्षं एकदाही मागच्या सीटवर बसून पाहिलं नाही, याची मला तिथे फार चुटपुट लागली.

"म्हणजे मी नीट नाय बसवला?" तिने विचारलं. तिचा चेहरा उतरला होता.

"तू माझ्यापेक्षा नीट बसवलास. पण मी कानाने तपासत होतो. तू धूर बघितलास, म्हणून सापडलं."

शेपूट लांबवायला हवं होतं. आमच्या घरच्या बाल्कनीत, तुळशीच्या कुंडीमागे, शेड सोडताना आणलेले पाइपचे तुकडे आहेत. त्यांच्यावरून बायको मला रोज ऐकवते. मी घरी जाऊन त्यातला एक चांगल्या जाडीचा, बाजूला वळलेला तुकडा शोधून काढला. बायको म्हणाली, "गेलं एकदाचं एक तरी." दुसऱ्या दिवशी तो घेऊन पुन्हा आंबिवलीला गेलो. विशाखाने तोवर कल्याणच्या बाजारातून दरवाज्याचं नवं रबर आणलं होतं, आणि जुना गोंद खरवडून चौकट लख्ख पुसून ठेवली होती. तिने पुन्हा फ्लेक्सवर पाठ टेकली, तुकडा नळीवर चढवला, क्लॅम्प लावला आणि टोक बंपरच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला तोंड करून वळवलं. मग आम्ही रबर बसवलं. यशवंतने दरवाजा लावला तेव्हा तो धप्पकन, भरीव आवाजात बसला.

पुन्हा अगरबत्ती, पुन्हा माझे गुडघे हनुवटीला. या वेळी विशाखाने यशवंतला गाडी चालवायला दिली आणि स्वतः माझ्या शेजारी येऊन बसली. गाडीने वेग घेतला. आम्ही दोघं त्या लाल टोकाकडे टक लावून बसलो होतो. धूर सरळ वर चढला, छताला लागला आणि तिथेच सैलावत राहिला. यशवंतने वेग वाढवला, तरी तसाच. विशाखाने माझ्या हातातली अगरबत्ती घेतली आणि दरवाज्याच्या सगळ्या फटींवरून, वरून खाली, कोपऱ्याकोपऱ्यात फिरवली. मुलाच्या अंगावरून दृष्ट काढावी तशी फिरवली. कुठेच धूर वळला नाही. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "धूर गेला डोळ्यात." धूर तर छतापाशी होता.

तरीही तिचं समाधान झालं नव्हतं. "अगरबत्तीला काय, ती नाय झोपत," ती म्हणाली. "पोरं बसली की कळेल."

सुट्टी संपली आणि शाळा सुरू झाली. मला काही बोलावलं नव्हतं, पण राहवलं नाही. शाळा सुटायच्या वेळेला मी स्वराच्या घराजवळच्या वळणावर जाऊन उभा राहिलो. तिथे तिची आजी आधीच उभी होती. मी ओळख सांगितली.

"तुम्हीच होय ते सायलेन्सरवाले?" आजी म्हणाली. "विशाखाने उगाच एवढा घोळ घातला हो. पोरं दमतात, झोपतात, दुसरं काय."

मी मान हलवली आणि रस्त्याकडे बघत राहिलो. दुकान चालवत असताना एवढी धाकधूक मला कुठल्याच कामाची वाटली नव्हती.

व्हॅन दिसायच्या आधी ऐकू आली. इंजिन नव्हे, इंजिनाचा तर आवाजच नव्हता. वळणापलीकडून किंकाळ्या, हसणं, कोणीतरी पत्र्यावर ताल धरलेला, कोणीतरी "ए, माझी जागा आहे" म्हणून भांडत असलेलं. माझ्या असल्या कानांना ते इतक्या लांबून आलं. व्हॅन थांबली, मागचा दरवाजा उघडला आणि स्वरा दप्तर अर्धवट गळ्यात अडकवून उडी मारून उतरली. उतरल्यावर पुन्हा आत वाकून कोणाला तरी जीभ दाखवली.

आजी कानावर हात ठेवून म्हणाली, "अगं बाई, आज काय झालंय या कार्ट्यांना? विशाखा, तू त्यांना ओरडत का नाहीस?"

विशाखा स्टिअरिंगवर हात ठेवून बसली होती. केस विस्कटलेले, घसा बसलेला. तिने माझ्याकडे पाहिलं.

"काका," ती म्हणाली, "सगळ्या रस्त्याला गप्प बसली नाहीत. डोकं उठलंय माझं."

आणि आम्ही दोघं रस्त्यात उभ्या आजीसमोर वेड्यासारखे हसत सुटलो. मागे पोरं पत्रा बडवतच होती. मी जन्मभर आवाज बंद करायचं काम केलं, पण त्या दिवशी पुढच्या स्टॉपला निघालेली ती व्हॅन गल्लीच्या टोकाला दिसेनाशी झाली, तरी मी उजवा कान तिकडे करून उभा राहिलो.